कुक बदललाय

काळा घोडा फेस्टिव्हलला सोबत कोणाला न्यावं यावर वाद होऊ शकतो. पण ऐन दुपारी एक वाजता, पोटात कावळे ओरडत असताना, ‘इथे कुठे खाताय, चला मी नेतो’ म्हणणाऱ्या माणसाला मात्र नेऊ नये. तुमच्याही ग्रुपमध्ये तो असणारच. आमच्याकडे तो सोसायटीतले काका या रूपात आहे. काकांची सगळी नोकरी फोर्टातल्या एका बँकेत गेली. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तिजोरीच्या किल्ल्या परत केल्या, पण चर्चगेट ते बोरीबंदर या पट्ट्यात कोणी कुठे जेवावं हा चार्ज काही अजून हँडओव्हर केलेला नाही.

काका चित्रं बघायला येत नाहीत, आम्हाला जेवायला न्यायला येतात. फेस्टिव्हलचे ते नऊ दिवस रॅम्पार्ट रोवर पाय ठेवायला जागा नसते. भंगारातून केलेल्या हत्तीसमोर सेल्फीची रांग, कुल्हडच्या स्टॉलपुढे घासाघीस, डेव्हिड ससून लायब्ररीच्या बागेत कोणीतरी पुस्तकावर बोलतंय. काका या सगळ्यातून घड्याळ बघत चालतात. ‘साडेबाराला उठायचं,’ ते बजावतात, ‘नाहीतर मग तीननंतर. मधे बसलात तर डोक्यावर उभे राहतात लोक.’ हे अगदी खरं आहे. काकांचं बरंचसं खरं असतं, म्हणून तर त्रास होतो.

पण काकांचा मुख्य आजार वेगळा. ते कुठलाही पदार्थ आला की आधी खात नाहीत, तपासतात. पुरीचा कोपरा मोडून भाजीत टेकवायचा, पुढच्या दातांनी चावायचा, डोळे मिटायचे. वेटरसकट आम्ही सगळे थांबलेले. मग वाटी दोन बोटं पलीकडे सरकवायची आणि निकाल द्यायचा.

‘कुक बदललाय.’

झालं. त्यानंतर ती भाजी आम्हाला लागत नाही. तोवर चांगली लागत होती. स्टेशनजवळच्या उडप्याकडे सांबारात गूळ जरा जास्त पडला, कुक बदलला. इराण्याकडे मस्का कमी, कुक बदलला. (मस्का लावायला कुक लागत नाही, हे मी एकदा सांगून पाहिलं. ‘लावणारा बदलला,’ म्हणाले.) सोलकढीची तर कोर्टातल्यासारखी उलटतपासणी होते. पेला तिरका करून उजेडात धरायचा, मग सरळ करायचा, आणि काचेवर नारळाच्या दुधाचा थर किती वेळ राहतो ते बघायचं. थर झरकन उतरला की दुधात पाणी आहे. रंग जास्तच गुलाबी असला की तो आगळाचा नाही. लसूण ठेचलेला की वाटलेला, हे वासावर. एवढं होईपर्यंत माझी सोलकढी संपलेली असते आणि मला ती आवडलेली असते, हे मी जाहीर करत नाही.

हळूहळू हा रोग ताटाबाहेर पसरला. बँकांचं विलीनीकरण झालं तेव्हा काकांची प्रतिक्रिया दोन शब्दांची होती. अर्थसंकल्पावर तीच, मराठी मालिकेने वर्षभराची उडी घेतली तेव्हा तीच. जहांगीर आर्ट गॅलरीत एका नामवंत चित्रकाराची नवी मालिका लागली होती, आधी निळ्या-करड्या रंगात काम करणारे गृहस्थ अचानक भगभगीत केशरीवर आले होते. काकांनी मान कलती केली, एक पाऊल मागे घेतलं. मी हात जोडले. तरी ते म्हणालेच. शेजारी जाड चौकटीचा चष्मा लावून उभ्या असलेल्या बाईंनी वळून पाहिलं आणि अतिशय गंभीरपणे म्हणाल्या, ‘एग्झॅक्टली.’

फक्त घरी हे अस्त्र एकदाच चाललं. ‘आज पोह्यांचा कुक बदलला की काय?’ असं काकांनी पेपराआडून विचारलं, तेव्हा काकू आतून म्हणाल्या, ‘बदलला ना. उद्यापासून तुम्ही.’ तेव्हापासून त्यांच्याकडे सकाळचा कांदा काकाच चिरतात.

रस्ता सांगण्याची पद्धतही अशीच. माझ्या भाचीला, वय बावीस, काका समजावत होते, ‘जहांगीरमधून निघ, समोवार सोड, ऱ्हिदम हाउसला वळ, वेसाइड इनवरून सरळ आत.’ तिने मोबाइलवर शोधलं आणि म्हणाली, ‘काका, जहांगीर सोडलं तर यातलं एकही नाहीये.’ खरंच नाहीये. समोवार १९६४ साली सुरू झालं, २०१५ मध्ये बंद झालं. जहांगीरच्या कडेच्या त्या लांबट पट्टीत बसून चित्रकारांच्या पिढ्यांनी पराठे खाल्ले. ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ मध्ये गेलं. ज्या वेसाइड इनच्या खिडकीशी बसून कवी अरुण कोलटकर समोरचा चौक न्याहाळत, ते तर त्याच्याही आधी. काकांच्या यादीत ज्यांचा कुक कधीच बदलला नाही अशी हॉटेलं आहेत. ती सगळी बंद पडलेली आहेत.

भाचीने डोळे फिरवले, पण मला वाटतं या बाबतीत एकट्या काकांना धारेवर धरण्यात अर्थ नाही. ज्या काळ्या घोड्याच्या नावाने आपण अख्खा परिसर ओळखतो, तो घोडा, वर बसलेल्या सातव्या एडवर्डसकट, १९६५ साली इथून हलवला आणि राणीच्या बागेत नेऊन ठेवला. पुढची पन्नास वर्षं टॅक्सीवाले, पोस्टमन आणि आपण, नसलेल्या घोड्याशी उतरत होतो. २०१७ मध्ये नवा घोडा आला. त्याच्यावर कोणी बसलेलं नाही. त्याबद्दल काकांचं मत काय असेल ते सांगायला नको.

तर फेस्टिव्हलमधल्या एका शनिवारी काकांनी आम्हाला असंच चालवलं. बेरी पुलाव हवा तर ब्रिटानिया, पण ते बॅलार्ड इस्टेटला, चांगली वीस मिनिटांची तंगडतोड; चेतनाची थाळी समोरच, पण ‘थाळी खाल्ली की चित्रं कोण बघणार, झोप येते’ (हे त्यांनी म्हणावं!), तृष्णाचा खेकडा म्हणजे पेन्शनला भोक. शेवटी फोर्टाच्या पोटात, एका गल्लीत, पाटीवर नुसतं ‘लंच होम’ वाचता येईल असं ठिकाण. फोर्टातली ही लंच होम्स ऑफिसच्या गर्दीवर जगतात. शनिवारी निम्मी शटरं खाली असतात, रविवारी विचारूच नका. हे उघडं होतं. ‘शेअरिंगला बसणार?’ वेटरने विचारलं. बसलो. समोरचा अनोळखी माणूस बांगड्याचा काटा काढण्यात गर्क.

ताट येण्याआधी काका उठले आणि मुदपाकखान्याच्या दाराशी गेले. मला वाटलं, आता खाण्याआधीच निकाल. पण ते आत डोकावून कोणाशी तरी मालवणीत बोलत होते. परत आल्यावर म्हणाले, ‘पलीकडच्या गल्लीतल्या लंच होममध्ये तिकलं करायचा, त्याची चौकशी केली. ह्याच्याच गावचा. गुडघे गेले, गावाला असतो. मुलाने रिक्षा घेतली म्हणे.’ मग आणखी सांगत गेले: इराण्याकडचा खिमेवाला कुठे गेला, उडप्याकडे रसम कोणाच्या हातचं होतं, त्याचा भाऊ आता गोरेगावला मेस चालवतो. सगळ्यांची गावं त्यांना ठाऊक होती. तासाभरापूर्वी आम्ही गॅलरीत प्रत्येक चौकटीखालची चिठ्ठी वाचत होतो, चित्रकाराचं नाव, माध्यम, आकार, आणि किंमत हळू आवाजात विचारत होतो. इतकी वर्षं जेवले मी या भागात, पण सुरमईखाली अशी चिठ्ठी असावी असं कधी डोक्यातही आलं नव्हतं. काका निदान हात बदलला एवढं तरी ओळखतात. आता हे त्यांना सांगितलं तर पुढच्या वर्षी ते मला भायखळ्यापर्यंत चालवतील, म्हणून गप्प बसले.

ताटं आली. रवा लावलेली सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, भात, सोलकढी. काकांनी कोपरा मोडला, चावला, डोळे मिटले. वाटी दोन बोटं सरकली.

‘कुक बदललाय.’

वेटर साठीचा असावा. त्याने खांद्यावरचं फडकं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. ‘नाही साहेब. पंचवीस वर्षं तोच आहे. आत्ता बोललात ना तुम्ही, तोच.’

समोरचा माणूस बांगडा सोडून बघू लागला. काका काही बोलले नाहीत. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, भात मागवला, सोलकढी उजेडात न धरताच प्यायली, आणि ताट असं पुसलं की भांडी घासणाऱ्याचं निम्मं काम झालं. बिलही त्यांनीच दिलं, कोणाला हात लावू दिला नाही.

बाहेर पडताना गल्ल्यावरची बडीशेप चघळत माझ्या कानाशी आले.

‘मालक बदलला असणार.’