ओटीपीवाले मेजर

अहिल्यानगरजवळच्या भिंगारात फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजर. नायक असो, हवालदार असो, नाहीतर लंगरात पोळ्या लाटलेला असो. पेन्शन सुरू झाली की गाव त्याला बढती देऊन मोकळं होतं. आर्मर्ड कोरचं सेंटर जवळ, संरक्षण खात्याची व्हीआरडीई जवळ, छावणी तर अंगणातच. त्यामुळे इथं मेजरांना तोटा नाही. पण कुणी घाबऱ्याघुबऱ्या 'मेजर कुठंयत?' असं विचारलं, तर ते एकाच माणसाबद्दल. हे मेजर फौजेत स्टोअरचे कारकून होते. त्यांनी लढाई पाहिली ती कागदांची. आता कागद गेले म्हणतात. लढाई मात्र चालू आहे.

मेजरांच्या खांद्याला रेक्झिनची पिशवी असते आणि तिच्यात सरकारचा सगळा पेपरलेस कारभार कागदावर काढून ठेवलेला असतो. आभा कार्ड लॅमिनेट केलेलं, आयुष्मान कार्ड लॅमिनेट केलेलं, माजी सैनिकांच्या ईसीएचएस आरोग्य योजनेचं 64 केबीचं कार्ड, त्याची झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सची झेरॉक्स. 2021 साली घेतलेल्या लशीचं को-विनचं प्रमाणपत्रही अजून आत आहे. "मागत कुणी नाही," मेजर सांगतात, "पण मागितलं तर?" या 'तर'वर त्यांनी सगळी नोकरी काढली.

खिशात दोन मोबाइल. एक स्वतःचा, दुसरा गल्लीचा. गल्लीतल्या निम्म्या आज्यांनी आधारला मेजरांचा नंबर जोडला आहे, कारण मुलं पुण्याला आणि सुना फोन उचलत नाहीत. दुसरा मोबाइल वाजला की मेजर ओट्यावर येऊन पुकारतात, "आला बरं का! चार, सात, दोन, दोन, नऊ, एक! कुणाचा आहे?" फौजेची सवय, संदेश अर्धवट पोचवायचा नाही. म्हणून शेवटची ओळही ते त्याच आवाजात वाचतात, "हा ओटीपी कुणालाही सांगू नका!" समोरच्या बोळातून उत्तर येतं, "न्हाई सांगत!"

आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालं, तेव्हा मेजरांना दुसरी भरती झाल्यासारखं वाटलं. प्रत्येकाला चौदा आकड्यांचा आभा क्रमांक मिळणार, रिपोर्ट त्याला जोडले जाणार आणि रुग्णानं होकार दिला तरच डॉक्टर ते बघणार. यातला क्रमांक मेजरांना फार आवडला. फौजेत नंबर असल्याशिवाय माणूस नसतोच. गल्लीतल्यांचे चौदा-चौदा आकडे ते पाढ्यासारखे म्हणतात. होकाराचं कलम मात्र त्यांच्या नजरेतून निसटलं. कुणाची साखर किती, कुणाचं हिमोग्लोबिन किती, हे टपरीवर चहाबरोबर जाहीर होतं. "लपवायचंय काय त्यात? सगळे आपलेच आहेत."

दवाखान्यात केसपेपरासाठी क्यूआर कोड आला. मोबाइल दाखवला की नाव-गाव आपोआप चढतं आणि टोकन मिळतं. मेजर ते टोकन डोळ्याचं पातं लवायच्या आत घेतात आणि मग जाऊन रांगेत उभे राहतात. कुणी म्हटलं, अहो, आता रांग कशाला? तर ते त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात आणि म्हणतात, "टोकन वेगळं, शिस्त वेगळी."

त्यांचा खरा हंगाम नोव्हेंबरात. पेन्शनरानं आपण हयात असल्याचं सरकारला दाखवायचा महिना. त्यासाठीचं ऑनलाइन 'जीवन प्रमाण' 2014 साली आलं तेव्हा बोटाचा ठसा लागायचा. पण ज्या बोटांनी जन्मभर रणगाड्यांचं ग्रीस पुसलं, त्यांना ठसे उरलेत कुठं? 2021 पासून चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली. मोबाइलसमोर बसायचं, पापणी लववायची, झालं. फॅमिली पेन्शनवाल्या एका आजींना मेजर म्हणाले, "आता डोळे मिचकवा."

"आता गं बया! ह्या वयात परक्या माणसापुढं डोळा मारू व्हय?"

"माझ्यापुढं नाही आजी, सरकारपुढं."

"मंग तर मुळीच न्हाई!"

सगळा ओटा हसला, आजीही हसल्या, हसता हसता पापणी लवली आणि सरकारदरबारी त्या आणखी एक वर्ष जिवंत झाल्या.

व्यापारातही मेजरांचा हात आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात त्यांनी आग्रहानं कॉम्प्युटर बसवून घेतला. आता पाच रुपयांच्या कोथिंबिरीलाही छापील पावती निघते, कुठला माल किती उरला ते पडद्यावर दिसतं, पैसे जमा झाल्याचं डबडं ओरडून सांगतं. उधारी मात्र अजून लाल वहीत. "कॉम्प्युटरला माणसं कुठं ओळखू येतात?" दुकानदार म्हणतो. तेवढं मेजरांनीही मान्य केलंय. त्यांचंही पान त्या वहीत आहे.

रेफरल हा त्यांचा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकनं लिहून दिल्याशिवाय एरवी मोठ्या दवाखान्यात फुकट पाऊल ठेवता येत नाही, हे ते नव्या पेन्शनरला इतिहासासह समजावतात. 1707 साली औरंगजेब बादशहा इथं भिंगारात वारला आणि त्याचा देह खुलदाबादला नेला. "भिंगारातून बाहेर पाठवलेली पहिली केस," मेजर म्हणतात, "पण रेफर करायला उशीर झाला."

दिल्लीत ही सगळी व्यवस्था ज्यांनी आखली, त्यांच्या आराखड्यात सर्व्हर आहे, ॲप आहे, क्यूआर कोड आहे. मेजर नाहीत. भिंगारात मेजर आहेत, म्हणून बाकीचं चालतं.

तरी या माणसाची एक गोची आहे. साऱ्या गल्लीचे ओटीपी ज्याच्याकडे येतात, त्याचा स्वतःचा ओटीपी जातो बायकोकडे, म्हणजे गल्लीच्या काकूंकडे. गॅसच्या सबसिडीच्या गडबडीत मेजरांच्या आधारला काकूंचा नंबर जोडला गेला, आणि गल्लीची कामं करता करता तो बदलायचं राहूनच गेलं. परवा मेजरांचा रक्ताचा रिपोर्ट आभाला जोडून आला. तो गुपचूप बघावा म्हणून ते ओट्यावरूनच म्हणाले, "अगं, एक ओटीपी आला असेल बघ."

"कशाचा?"

"असाच."

"असाच ओटीपी येत नसतो. रिपोर्ट आधी मला दाखवणार असाल तर सांगते."

रुग्णाच्या होकाराशिवाय त्याची माहिती कुणी बघू नये, असा नियम आहे. मेजरांच्या घरी रुग्णालाही काकूंच्या होकाराशिवाय स्वतःची माहिती बघता येत नाही. मेजरांनी अट मान्य केली, रिपोर्ट उघडला, साखर बघून मोबाइल खिशात टाकला आणि टपरी गाठली.

"एक कडक. साखर जरा जास्त."

टपरीवाल्यानं बिनसाखरेचा कप पुढं सरकवला.

"काकूंचा फोन येऊन गेला, मेजर. सगळे आपलेच आहेत."