सीट म्हंजे सीट

पूर्व विदर्भात तालुक्याच्या कुठल्याही गावी जा, पंक्चरवाला आणि वेल्डिंगवाला यांच्या मधल्या गाळ्यात एक सीटवाले भाऊ सापडतातच. गोंडपिपरीचे भाऊ त्यातले अस्सल. दुकानाला पाटी आहे, पण तिचा अर्धा भाग ताडपत्रीखाली गेला आहे आणि ती ताडपत्री सरकवायला भाऊंना सवड नाही. बाहेर मोटरसायकलच्या सीटा दोरीला टांगलेल्या. आत उषाची जुनी मशीन, फोमच्या कापट्या, सोल्यूशनचा उघडा डबा आणि एक पोट्टा. भाऊंची कात्री शोधून देणे हे त्या पोट्ट्याचे मुख्य काम. कात्री बहुतेक वेळा भाऊंच्याच बुडाखाली निघते.

भाऊंना गाडी दिसत नाही, सीट दिसते. समोरून बोलेरो गेली की ते इंजिनाकडे, रंगाकडे, आत बसलेल्या पुढाऱ्याकडे ढुंकून बघत नाहीत. "डायवरची बाजू पार बसली," एवढेच म्हणतात. सलूनची खुर्ची, ट्रॅक्टरची सीट, दवाखान्यातले तपासणीचे टेबल, सारे त्यांच्या हातून गेलेले. त्यामुळे गावातला कोण माणूस कोणत्या अंगावर भार देऊन बसतो, हे त्यांना त्याच्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक. उजवीकडे खड्डा दिसला की माणूस मागच्या खिशात पाकीट ठेवतो. पाकीट ठेवतो म्हणजे त्यात काहीतरी असते. म्हणजे ॲडव्हान्स मागायला हरकत नाही.

त्यांचा सिद्धान्त एकच. सीट म्हंजे सीट. वर रेक्झीन, खाली फोम, त्याखाली पाटी. बाकी साऱ्या कंपन्यांच्या गोष्टी. ताडोब्याच्या जिप्सींनी हा सिद्धान्त बराच पक्का केला. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली. पुढे कंपनीने सामान्य गिऱ्हाइकाला ती विकणे बंद केले, तरी जंगलात ती वाघाइतकीच टिकून राहिली. तिला छप्पर नाही. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा रेक्झीन मऊ ठेवणारे तेल हळूहळू उडून जाते आणि सीट उन्हाळ्यातल्या तळ्यासारखी भेगाळते. मग पर्यटकाच्या पँटीला पिवळा भुगा चिकटतो आणि गाडी भाऊंकडे येते.

रेक्झीनचा विषय निघालाच म्हणून. हा माल मूळचा इंग्लंडातल्या हाइड गावचा. तिथल्या कंपनीने कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन चामड्याचा तोतया तयार केला. नायट्रोसेल्युलोज तर बंदुकीच्या दारूतही असते, म्हणजे त्या जुन्या रेक्झीनचे गोत्र आमच्या भद्रावतीच्या आयुधनिर्माणीशी जुळायला हरकत नाही. आता मिळते ते पीव्हीसी. भाऊंना यातले काही सांगायला जाऊ नये. ते नखाने ओरखडा काढतात, मागचे कापड ओढून बघतात आणि "दोन पावसाचं" किंवा "चार पावसाचं" असा निकाल देतात. तो निकाल सहसा चुकत नाही.

अशा माणसाकडे एकदा मोटरबोटीच्या गाद्या आल्या. बोट इरई धरणाच्या पाण्यातली, मालक चंद्रपूरकडचा. पण त्याचा साळा गोंडपिपरीचा, आणि साळ्याच्या शब्दापुढे सत्तर किलोमीटर म्हणजे काहीच नाही. सुकाणूच्या मागची एक, दोन्ही बाजूंच्या लांब बाकड्यांच्या चार, अशा गाद्या पिकअपमधून उतरल्या. उतरल्या त्या टपटप गळतच.

"बोटीचं काम केलं का कधी भाऊ?" मालकाने विचारले.

"बोटीचं म्हनून काय वेगळं रायते का? सीट म्हंजे सीट."

पहिली गादी उलटी टाकून भाऊंनी स्क्रूड्रायव्हर घातला. पिना उपटायच्या आधीच तुटल्या. गंजून त्यांची रांगोळी झाली होती. प्लायवूड पापडासारखे सुटले. आतला फोम पोट्ट्याने दोन्ही हातांनी पिळला तर अर्धी बादली पाणी निघाले, वर शेवाळाचा वास. भाऊ बराच वेळ गप्प बसले. ही दुर्मीळ घटना असल्याने वेल्डिंगवालाही काम थांबवून बघायला आला.

खरी भानगड अशी की साधा फोम म्हणजे एकमेकांत उघडणारी छिद्रेच छिद्रे. जिप्सीवर पाऊस पडला तरी दुसऱ्या दिवशीच्या उन्हात तो वाळतो. बोटीत खालूनही ओल, वरूनही ओल. पाणी शिवणीच्या भोकांतून आत शिरते आणि बाहेर पडायला वाट नसते. म्हणून बोटीच्या कामात बंद छिद्रांचा फोम लागतो, स्टेनलेसच्या पिना लागतात, सुती धाग्याऐवजी पॉलिस्टरचा लागतो आणि पाटीला खालून भोके पाडावी लागतात. मालकाने मोबाईलवर हे सगळे दाखवले. भाऊंनी मोबाईलकडे न बघता ऐकले.

बाजूला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबाजींनी सुचवले, "सावरीचा कापूस भर ना बापा." सगळे हसले. हसायचे कारण नव्हते. दुसऱ्या महायुद्धात खलाशांच्या तरंगत्या जाकिटांत पांढऱ्या सावरीचाच कापूस असे. त्याचा तंतू आतून पोकळ आणि वरून मेणकट, पाण्याला दाद न देणारा. बाबाजींना महायुद्ध ठाऊक नसावे, पण सावर ठाऊक होती.

भाऊंनी त्या रात्री दुकानात बादली भरून फोमचे तुकडे बुडवले. सकाळी आलेल्या मालकाला त्यांनीच व्याख्यान दिले. "पानी पेनारा फोम इथं चालतच नाई. मी तं कालच सांगत होतो." मालक समजूतदार निघाला. बंद छिद्रांचा फोम नागपूरहून मागवावा लागला असता. भाऊंनी शक्कल काढली ती योगाच्या चटयांची. २१ जूनचा योग दिन उरकला की उरलेल्या चटया दुकानदार पडेल भावात काढतो. त्या ईव्हीएच्या असतात, पाणी पीत नाहीत. चारपाच थर चिकटवून खालचा कणखर भाग झाला, वर बुडाला सुख म्हणून बोटभर मऊ फोम.

पुढचे काम बघण्यासारखे. जुने कव्हर त्यांनी फाडले नाही, टाका टाका उसवले, खडूने खुणा केल्या आणि तेच नव्या रेक्झीनवर मांडून बेतले. शिवण वरच्या अंगाला न ठेवता बाजूला घेतली, म्हणजे पाणी वर साचून भोकात उतरणार नाही. रेक्झीन आधी उन्हात पसरून नरम केले. ताणताना मधून सुरुवात, समोरासमोर पिना, कोपरा सगळ्यात शेवटी. कोपऱ्यावरची चुणी बसवताना तोंडात पिना असल्याने भाऊ बोलू शकत नव्हते. पोट्ट्याच्या मते तोच दुकानातला सुखाचा काळ.

काम जमल्यावर भाऊंच्या अंगात दर्यावर्दी संचारला. कुणीतरी त्यांना सांगितले होते की इंग्रजांनी कधीकाळी वर्धा-प्राणहिता-गोदावरीतून थेट समुद्रापर्यंत बोटी न्यायचा घाट घातला होता. ते खरेही आहे. आर्थर कॉटनच्या त्या योजनेत वऱ्हाडचा कापूस पाण्याने जायचा होता. नदीतल्या खडकांच्या तीन मोठ्या अडथळ्यांवर बरीच वर्षे खपून १८७१ साली काम सोडून दिले. भाऊंना यात फक्त स्वतःचे नुकसान दिसते. "जहाजाच्या किती सीटा झाल्या असत्या, सांगा!"

बिलावर घासाघीस झाली, भाऊ दोनशे उतरले. मग मालकाने एक शेवटची हौस सांगितली. सुकाणूमागच्या गादीवर शिलाईचे चित्र हवे. भाऊंकडे पुठ्ठ्याचा वाघ तयारच असतो. या जिल्ह्यात वाघाशिवाय सीट पुरी होत नाही, फक्त त्याचा एक डोळा मोठा येतो. मालक म्हणाला, वाघ नको, पाण्यातली मगर पाहिजे.

भाऊंनी वाघाचा पुठ्ठा आडवा धरला, थोडा लांबून बघितला आणि पोट्ट्याला म्हणाले, "शेपटी रायू दे. तोंडच तेवढं लांब कर."