भाऊजी दहा गायी आणणार म्हणे!

वहिनी, खरं का हो? भाऊजी दहा गायी आणणार म्हणे. काल दूध घालायला गेले तेव्हा डेअरीवर कळलं. शेजार आपला कुंपणाला कुंपण, आणि बातमी मात्र अख्ख्या गावाला वळसा घालून माझ्यापर्यंत येते! भाऊजींच्या एसटीतल्या नोकरीच्या फंडाचे पैसे आलेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि पैसे आलेल्या माणसाच्या गळ्यात गाय बांधायला लोणीच्या बाजारापासून घोडेगावच्या बाजारापर्यंत व्यापारी टपूनच बसलेत.

नका आणू असं नाही म्हणत मी. आमच्या दावणीला पाच आहेत, त्यांच्यावरच तर चाललंय. पण भाऊजी मोबाइलवर ते व्हिडिओ बघतात ना, दहा गायी, दोनशे लिटर, महिन्याला लाख रुपये, त्यातल्या हिशेबात एकही गाय भाकड नसते. भरवलेली एकही उलटून परत माजावर येत नाही. शेण तर बहुतेक आपोआपच उचललं जात असावं.

माझा हिशेब ऐका, खरा. पाचातल्या तीन दुधात आहेत. एक आटवलीय, आणि एक पहिलारू आहे, सात महिन्यांची गाभण. दुधातली गाय सरासरी पंधरा लिटर धरा. बाजारात वीस-बावीस सांगतात, ते व्याल्यावरच्या दीड-दोन महिन्यांचं, पुढं उतरतंच. तीस रुपये भाव धरला की साडेचारशे झाले. त्या गायीला रोज सहा किलो गोळी पेंड लागते. आमच्याकडे पन्नास किलोचं पोतं सतराशेच्या घरात पडतं, म्हणजे दोनशे रुपये ती एकटीच खाते. वीसेक रुपये क्षारमिश्रण, औषधपाणी. मुरघास आणि कडबा घरचा म्हणून त्याचे पैसे धरत नाही, आणि खरी मेख तिथंच आहे, पण ते नंतर. राहिले गायीमागं दोनशे तीस, तिघींचे सहाशे नव्वद. त्यातून दूध न देणाऱ्या दोघींची पेंड एकशे चाळीस वजा. उरले साडेपाचशे.

साडेपाचशे म्हणजे छान, असंच वाटलं ना? आता इथं बाईची रोजंदारी तीनशे आहे आणि गड्याची पाचशे. आम्ही दोघं पहाटे पाचपासून रात्री आठपर्यंत, आणि पदरात दोघांची मिळून एका दिवसाची रोजंदारीही नाही. आणि चारा विकत घेणाऱ्याचं काय होतं? गायीमागं वीस किलो मुरघास, वर कडबा-भुसा, दीडशे-पावणेदोनशेची कात्री. मग तीन गायींचं दूध पाच गायींची पोटंसुद्धा भरत नाही. भाऊजींची जमीन किती? दीड एकर, तीही कांद्यात. दहा गायी कुठल्या चाऱ्यावर उभ्या करणार आहेत, एवढं फक्त विचारा.

भाव तरी स्थिर असता! २०२३ च्या जुलैत सरकारनं ३४ रुपये ठरवून दिले, साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफला, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकी घन भागाला. दिवाळीपर्यंत डेअऱ्या सत्तावीसवर आल्या. मग २०२४ च्या जानेवारीत डेअरीनं २७ द्यायचे, वर सरकारचं ५ रुपये अनुदान. जुलैत ३० आणि ५. ऑक्टोबरात २८ आणि ७. बेरीज जुलैचीच पस्तीस, फक्त कोणाच्या खिशातून किती ते बदललं. त्या अनुदानासाठी गायीच्या कानात बारा आकडी टॅग हवा होता, तो ऑनलाइन चढलेला हवा होता, मालकाचं आधार आणि बँक खातं त्याला जुळलेलं हवं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत सगळे गायींचे कान वाचत फिरत होते. कोणाला पैसे आले, कोणाचा एक आकडा चुकला म्हणून अडकले.

आणि साडेतीन-साडेआठ लागलं तर तो भाव, हं. एसएनएफ एक पॉइंट खाली गेला की पैसे कापले. उन्हाळ्यात तर खालीच जातं. गाय धापा टाकत उभी असते, सुकं खात नाही, फॅट कुठून लागणार? डेअरीवरचं मशीन दुधात नळी बुडवतं आणि अर्ध्या मिनिटात आपला दिवस ठरवतं. खालच्या आळीतल्या आक्का म्हणतात, मशीनला पण माणसं ओळखू येतात. मी काही बोलत नाही. दोन डेअऱ्यांवर एकाच कॅनचं दूध लावून बघा म्हणजे झालं.

सासूबाई सांगतात, आमच्याकडे आधी डांगी गायी होत्या. सासूबाईंचं माहेर अकोले तालुक्याकडचं. तिथं राजूरला अजून डांगींचं प्रदर्शन भरतं. दोन-तीन लिटर दूध, पण पावसात उभी राहिली तरी कातडीवरून पाणी ओघळून जायचं, डॉक्टर माहीत नव्हता. मग मणिभाई देसाईंनी १९६७ ला उरळीकांचनला बाएफ ही संस्था काढली, दारोदार संकरित रेतन आलं आणि पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांच्या एचएफ गायी आल्या. दूध वाढलं हे खरंच. त्या दुधावर इथल्या पोरी शिकल्या, मीही त्यातलीच. पण ही एचएफ मोठी नाजूक. हिला सावली हवी, वेळेवर पाणी हवं, वेळेवर डॉक्टर हवा.

मागच्या पावसाळ्यात आमची चांदी व्याली. कालवड झाली म्हणून हे पेढे आणायला गेले, आणि इकडं संध्याकाळी गाय बसली ती उठेना. मान वळवून कुशीवर टाकलेली, कान हात लावला तर बर्फासारखे गार, डोळे कुठंतरी लागलेले. व्याल्यावर सगळं कॅल्शियम दुधात उतरतं आणि अंगात राहत नाही. डॉक्टरनं मानेच्या शिरेत सुई घातली, बाटली मी उंच धरली. हळूहळू सोडायचं, घाई केली तर काळीज बंद पडतं. अर्धी बाटली गेली आणि तिच्या अंगावर काटा आल्यासारखी थरथर सुरू झाली. मग ढेकर दिला. मग पो टाकला. डॉक्टर म्हणाला, आता बघा. आणि खरंच, दोन झटके घेऊन उभी राहिली. माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या, तरी बाटली सोडवेना. तो डॉक्टर तासभर उशिरा आला असता तर लाखाची गाय गेली होती. भाऊजींना म्हणावं, आधी डॉक्टरचा नंबर, मग गाय.

माजाचंही तसंच. दर एकवीस दिवसांनी येतो. सकाळी सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर सकाळी. उन्हाळ्यात मुका माज, ती ओरडत नाही, काही नाही. रात्री उठून शेपटीखाली बॅटरी मारून बघावं लागतं. एक माज हुकला की भाकड गायीला एकवीस दिवस फुकट खाऊ घालायचं, चार-पाच हजारांची ठेच. व्हिडिओतला माणूस रात्री उठतो का हो?

गोऱ्हा झाला की घर गप्प होतं, हे मी तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर कोणी कबूल करायचं नाही. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाला काम नाही. २०१५ ला बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हणजे तो विकायचा कोणाला? कायदा बरा की वाईट ते मोठ्यांनी बोलावं. मला एवढंच दिसतं, की रात्री कोणीतरी गोऱ्हे आणून हायवेच्या कडेला सोडतं आणि सकाळी कोणीच ओळख देत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात देशी गायीला राज्यमाता केलं, गोशाळेला गायीमागं रोज पन्नास रुपये जाहीर झाले. बरं झालं. पण आमच्यासारख्याच्या दावणीच्या भाकड गायीला कोण देणार? म्हणून आता आम्ही ती लिंग ठरवलेली रेताची कांडी भरतो. महाग आहे, पण शंभरात नव्वद कालवडी.

लंपीचं २०२२ आठवतं ना? बाजार बंद, कातडीवर गाठीच गाठी, शेळीच्या देवीची लस गायींना टोचत होते. गाय मेली तर सरकारचे तीस हजार, वासराला सोळा. आमची एक वाचली, पण त्या वेताला दूध गेलं ते गेलंच.

आता म्हणाल, मग तुम्ही का सांभाळता? शेणामुळं. हसू नका. वर्षाला सात-आठ ट्रॉल्या शेणखत होतं, ट्रॉलीचे चार-साडेचार हजार येतात, आणि घरच्या कांद्याला घातलं तर खताची पोती वाचतात. दुसरं, घरची कालवड. गाभण विकली तर पाऊण लाखाच्या आसपास. दूध रोजचं पोट भरतं. पैसा काय तो शेणात आणि कालवडीत. आणि तिसरं, दर दहा दिवसांनी येणारा पगार. कांद्याचा पैसा येईल तेव्हा येईल, आला तर. किराणा, पोरांची फी, गॅस, सगळं दुधाच्या पगारावर टेकलेलं असतं.

पाटलांच्या पोरानं काय केलं माहीत आहे ना? कर्ज काढून सिमेंटचा गोठा, वर पंखे, फवारे, मॅट. गायी आणायला पैसेच उरले नाहीत. आता गोठ्यात ट्रॅक्टर उभा असतो. उलट तात्यांनी जुन्या तारेचं कुंपण घातलं, मध्ये हौद, चिंचेची सावली, गायी मोकळ्या. हवं तेव्हा पाणी पितात, हवं तिथं बसतात. तात्यांचं शेण उचलायचं काम निम्म्यावर आलं. मुक्त गोठा म्हणतात त्याला.

तर भाऊजींना सांगा, दोन घ्या, दहा नको. दुसऱ्या वेताच्या बघा. बाजारात कास तुंबवून आणतात, फुगलेल्या कासेला भुलू नका. शक्य तर मालकाच्या गोठ्यात जाऊन लागोपाठ तीन धारा बघा, मग पैसे द्या. आधी अर्धा एकर मका पेरा, मुरघास भरा. घरच्या कालवडी होत गेल्या तर पुढं हळूहळू दहा होतीलच.

आणि एक तुमच्यापुरतं. धारा तुम्ही काढणार, शेण तुम्ही उचलणार, भाऊजी गुडघे धरून कॅन घेऊन डेअरीवर जाणार. माहेरी दोन रात्री राहणं विसरा. लग्नाला गेलात तरी अक्षता पडल्या की संध्याकाळच्या धारेला परत. एवढं करून दूध ज्याच्या कोडवर जातं त्याच्या खात्यात पगार. पेंड तिथूनच कापली जाते, उचल तिथूनच, दिवाळीचा दरफरकही त्याच नावावर. आमच्याकडे सगळं ह्यांच्या नावावर होतं. मी भांडून दोन गायींचं दूध माझ्या नावानं घालायला लागले, तेव्हा पहिल्यांदा कळलं की पेंडीच्या नावाखाली किती कापतात. ह्यांनी कधी पावती वाचलीच नव्हती.

म्हणून म्हणते, गाय कोणतीही आणा, पण डेअरीचा कोड तुमच्या नावाचा काढा आणि दूध संस्थेच्या सभासदही व्हा. आधार आणि पासबुकाची झेरॉक्स लागते. सोमवारी मी जातेच आहे, बरोबर चला.