"लांब आहे अजून!"

घाटकोपरच्या फलाटावर कुणालाही विचारा, दादरला पुलाच्या जिन्यासमोर कितवा डबा लागतो. झोपेतही सांगेल. हाच काटेकोर गणिती घाईत असला की पूल सोडून रुळांत उतरतो, मान वळवून येणाऱ्या फास्टकडे बघतो आणि निकाल देतो, "लांब आहे अजून!"

लांब नसते. ताशी ९० किलोमीटरने येणारी लोकल सेकंदाला २५ मीटर कापते, म्हणजे एका डब्याहून जास्त.

पटत नसेल तर तिथेच मान वर करा. विमानतळाकडे उतरणारं विमान आभाळात टांगल्यासारखं दिसतं आणि खालची रिक्षा सुसाट वाटते. मोठी वस्तू डोळ्याला संथ भासते. हर्शेल लाइबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली रेल्वे फाटकांवरच्या अपघातांमागे हेच कारण सांगितलं होतं. त्यातून समोरून येणारी गाडी आधी जागची हलत नाही, मग एकदम अंगावर येते.

"वीस वर्षं लाइन क्रॉस करतोय, काही झालं नाही," असं सांगणारे रोज भेटतात. ज्यांना झालं, ते सांगायला येत नाहीत. (मुलुंडला कॉलेजात असताना मीही पहिल्या गटात होतो. अक्कल नव्हे, नशीब.)

यावर आपला ठरलेला इलाज म्हणजे फलक, घोषणा आणि रेल्वे कायद्याचं कलम १४७ : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. जणू गुन्हा आहे हे ठाऊक नसल्यामुळेच माणूस रुळांत उतरतो!

२००९ च्या अखेरीस वडाळ्याला मात्र रेल्वेने फायनलमाइल या मुंबईच्याच संस्थेचं ऐकलं. काही स्लीपरना पिवळा रंग दिला. गाडी ते पिवळे पट्टे भराभर गिळताना दिसली की डोळ्याला वेगाचा अंदाज येतो. एका लांब भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे ठेवले, कारण मधली शांतता कानाला खटकते. शिवाय गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे फोटो लावले. चेहरा नटाचा, भीती आपली. कायद्याचा धाक नाही, उपदेश नाही. तिथले मृत्यू घटले.

तेव्हा रेल्वेच्या साहेबांना एवढीच विनंती, पुढच्या सूचनाफलकासाठी रंगाचा डबा उघडाल तेव्हा तो फलकावर संपवू नका. थोडा रुळांवरही ओता.