पॉजमीमांसा : नौपाडा शाखेचे टिपण

कार्टूनपट पाहण्याच्या पद्धती दोन. सलग पाहणे ही अडाणी पद्धत. रिमोट हातात धरून, जागोजागी थांबवत, भिंगाची वाटी शोधत पाहणे ही शास्त्रीय. ठाण्यात, नौपाड्याच्या गोखले रोडच्या आतल्या गल्ल्यांत रात्रीच्या जेवणानंतर या दुसरीचाच अभ्यास चालतो.

शास्त्राचा आद्य पुरावा म्हणजे 'द लायन किंग' (1994). दमलेला सिंबा कड्यावर अंग टाकतो, धूळ उडते आणि त्या धुळीत काही अमेरिकी पालकांना एस, ई, एक्स ही अक्षरे दिसली. उत्तरपक्ष असा की मधले अक्षर एफ आहे. स्पेशल इफेक्ट्सवाल्यांनी केलेली ती सही. म्हणजे सगळा वाद तळाच्या एका आडव्या रेघेचा. नौपाडा शाखेचे स्वतंत्र योगदान इथे येते: धुळीला शिरोरेघ देता येत नाही. सबब मराठी माध्यमाची मुले सुरक्षित आहेत. इंग्रजी माध्यमवाल्यांनी आपापले पाहावे.

यावर कोणी हसू नये. 'द रेस्क्यूअर्स' या 1977 च्या उंदरांच्या चित्रपटात, खिडकीमागे, एका विवस्त्र स्त्रीचे छायाचित्र खरोखरच होते. 1999 च्या जानेवारीत डिस्नेने तब्बल 34 लाख कॅसेट परत मागवल्या. सुमारे 1 लाख 10 हजार चौकटींपैकी दोन चौकटी! सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर हा सगळा अनाचार एक द्वादशांश सेकंदाचा. तेवढ्यात माणसाला वेफर्सचा पुडाही फोडता येत नाही, बिघडणे दूरच. पण पॉजचे बटण घरोघरी पोचले आणि मुलांच्या हिताची काळजी करणाऱ्या मोठ्या माणसांना ते दृश्य हवा तितका वेळ पाहता येऊ लागले.

बाकी खऱ्या गुप्त खुणा फार निराश करतात. 'टॉय स्टोरी'त अँडीच्या आईच्या गाडीवर आणि पुढे पिक्सारच्या चित्रपटांत वारंवार येणारा 'ए113' हा कॅलिफोर्नियातल्या कॅलआर्ट्स संस्थेतल्या वर्गाचा क्रमांक निघाला. चित्रकार मंडळी तिथे शिकली होती. हाडाच्या संशोधकाला हे पटत नाही. ए विंग, पहिला मजला, तेरावे दार? नौपाड्यातल्या कुठल्याही सोसायटीत एका मजल्यावर तेरा दारे बसत नाहीत. पुनर्विकासात बसवतील, तेव्हा पुन्हा पाहू.

सर्वांत गंभीर प्रकरण मात्र घरचेच. विजया मुळे यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला 'एक अनेक और एकता' हा कार्टूनपट, साल 1974. संदेश थेट शीर्षकातच. इतका उघडपणा संशयास्पद नाही तर काय? शिवाय रंगीत प्रक्षेपण 1982 मध्ये आले. तोवर दूरदर्शनने त्यातला एकूण एक रंग ठाणेकरांपासून दडवला, आणि कोणीही कॅसेट परत मागवल्या नाहीत.

आता कथा पाहा. पारधी, जाळे, एकजुटीने उडालेले पक्षी, जाळे कुरतडणारे उंदीर. आणीबाणी लागली 25 जून 1975 रोजी. मुळेबाईंना आधीच ठाऊक होते, हा पूर्वपक्ष. त्यावर घंटाळीकडच्या एका ज्येष्ठ अभ्यासकांनी आक्षेप घेतला की ही गोष्ट पंचतंत्रातली, चित्रग्रीव कबुतराची आणि हिरण्यक उंदराची. आक्षेप शाखेने मान्य केला आहे. आणीबाणीची कुणकुण प्रथम विष्णुशर्म्याला लागली होती, अशी दुरुस्ती टिपणात केली आहे.