बोट लागली

मराठीत बोट दोन प्रकारे लागते. एक धक्क्याला, दुसरी पोटाला. दोन्हींना एकच शब्द वापरणारा आपला पूर्वज भाऊच्या धक्क्यावरून रेवसला पावसाळ्याच्या तोंडावर गेला असणार, असं मला पूर्वी वाटायचं. ग्रीसची छोटी बेटं फिरून आल्यावर मात्र त्याचा हेतू कळला. पोटाला बोट लागलेल्या माणसाच्या मनात ती धक्क्याला लागावी एवढी एकच इच्छा उरते. मग शब्द दोन कशाला हवेत?

एजियन समुद्रातल्या या बेटांना ग्रीक लोक ‘कीक्लादेस’ म्हणतात. पवित्र दिलोस बेटाभोवती कोंडाळं करून बसलेली, म्हणून हे नाव. त्यातला ‘कीक्लोस’ हा आपल्या ‘चक्र’ शब्दाचा सख्खा चुलतभाऊ. या चक्रात आम्ही नवरा-बायको आपणहून शिरलो आणि बाहेर पडायचा दिवस वाऱ्याने ठरवला.

पिरेयस बंदरातून नॅक्सोसला जाणारी मोठी बोट म्हणजे शिवनेरी. गार हवा, मऊ खुर्च्या, हातात बर्फाळ कॉफी आणि पाच-सहा तासांत मुक्काम. खरी मजा नॅक्सोसच्या पुढे. इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसी, दोनूसा करत करत आमोर्गोसला जाणारी छोटी बोट ही आपली तांबडी एसटी. रात्री ती आमोर्गोसच्या कातापोला बंदरात मुक्कामाला असते आणि सकाळी उलटी निघते. अशा मार्गांना तिकडे ‘आगोनी ग्रामी’ म्हणतात, म्हणजे नापीक मार्ग. बारा महिने फायद्यात चालतील असे हे मार्ग नाहीत, म्हणून सरकार पदरचे पैसे घालून बोटी चालू ठेवतं. आडगावच्या एसटीचं अर्थशास्त्र समुद्रातही तेच.

बेट जवळ आलं की सगळे सामानासह खालच्या मजल्यावर जमतात. तिथे टेम्पो, मोटारी, डिझेलचा वास आणि अंधार. वर ऊन आहे की पाऊस, काही कळत नाही. बोट नांगर टाकून गर्रकन वळते आणि डेपोत गाडी लावावी तशी पाठमोरी धक्क्याकडे येते. मग मागची भिंतच खाली पडते. या उतरत्या दाराला ग्रीक लोक ‘कातापेल्तिस’ म्हणतात. शत्रूच्या किल्ल्यावर धोंडे फेकायच्या यंत्राचंही हेच नाव. शब्द योजणारा इथेही अनुभवी असावा. खलाशी ‘एला, एला’ ओरडतो (म्हणजे ‘या, या’), आणि पुढच्या पाच मिनिटांत गोफणीतून सुटल्यासारखी माणसं, टोमॅटोचे खोके, गादी, फ्रीज आणि कुणाच्या तरी नावाचं एकटंच आलेलं पार्सल असं सगळं बेटावर फेकलं जातं. भिंत पुन्हा वर. डबल बेल.

स्खिनूसावर आम्ही असेच फेकले गेलो. जेमतेम दोन-अडीचशे वस्तीचं बेट. खाली मेर्सिनीचा धक्का, वर टेकडीवर गाव. दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी परतायचं, म्हणून आदल्या संध्याकाळी धक्क्यावर जाळं सावरत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, ‘‘उद्या बोट?’’

‘‘ओही,’’ तो म्हणाला.

‘होय’ म्हणाला तर! यवन असले तरी शेवटी आपलेच, अशा समाधानात मी बॅगा भरल्या. सकाळी धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. तोच म्हातारा तिथेच, त्याच जाळ्याशी. ‘‘बोट रद्द?’’ मी हातवारे करून विचारलं.

‘‘ने,’’ तो म्हणाला.

ग्रीकमध्ये ‘ओही’ म्हणजे नाही आणि ‘ने’ म्हणजे हो. हे मला नंतर कळलं. त्या वेळी वाटलं, बॅगेकडे बघत ‘परत ने’ म्हणतोय. मराठीतही अर्थ चुकला नव्हता.

बायकोने वर पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं निळं. ‘‘अहो, वादळ कुठंय?’’ आपल्याला वादळ म्हटलं की काळे ढग, गडगडाट, निदान चार थेंब तरी लागतात. इथला उन्हाळी उत्तरेचा वारा, ‘मेल्तेमी’, लख्ख उन्हात अंगावर येतो. प्राचीन ग्रीकांनी त्याला ‘दरवर्षीचा’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं, म्हणजे तो नेमाचा पाहुणा. वाऱ्याचा आकडा ठराविक मर्यादेपुढे गेला की बंदर खातं बोटी सोडत नाही, आणि छोट्या बोटींची मर्यादा आणखी खाली. हा आकडा १८०५ साली ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टने आखलेल्या शून्य ते बाराच्या मोजपट्टीवरचा. बेटावर मात्र सगळे त्याला ‘बोफोर’ म्हणतात. ‘‘सात बोफोर’’, ‘‘उद्या आठ बोफोर’’. आपल्याकडे त्या नावाच्या तोफेने सरकार हलवलं होतं. इथे नुसती बोट हलत नव्हती.

दुपारी पुण्याहून मेहुण्याचा फोन. ‘‘बोट लागली का हो?’’

‘‘नाही ना, अजून लागलीच नाही.’’

‘‘वा! गोळी घेतली होतीत वाटतं?’’

संध्याकाळी घरमालकीण आजी एक बशी घेऊन आल्या. बेटावरच पिकणाऱ्या डाळीचा घट्ट पिवळा गोळा, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. त्याचं नाव ‘फाव्हा’. स्खिनूसा त्यासाठी प्रसिद्ध आहे. बायकोने एक घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, ‘‘वरणच की हो.’’ मग हळूच, ‘‘फोडणी राहिली.’’ आजींनी भुवया उंचावून ‘च्’ केलं. हा ग्रीक नकार आम्हाला एव्हाना यायला लागला होता. कसला नकार ते कळलं नाही, पण बशी पुन्हा भरली गेली.

त्या रात्री वाऱ्याने खिडकी खडखडत असताना मला कार्ल्याचं लेणं आठवलं. तिथल्या चैत्यगृहाच्या कित्येक खांबांवर यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. त्या काळी पश्चिमेकडचे व्यापारी नैऋत्य मोसमी वाऱ्यावर शिडं सोडून आपल्या किनाऱ्याला येत. परत जायचं तर वारा उलटेपर्यंत थांबायचं, म्हणजे काही महिने. तिकीट बदलून मिळत नव्हतं, कुणाला फोन करता येत नव्हता. त्या हिशेबात माझे दोन दिवस फारच किरकोळ निघाले, आणि मी पाय ताणून झोपलो.

अडकल्यापासूनच्या तिसऱ्या सकाळी वारा पडला. धक्क्यावर अख्खं गाव, आणि कुणीही घड्याळाकडे बघत नव्हतं. टेकाडाआडून पांढरं नाक दिसलं, बोट वळली, भिंत पडली. ‘एला, एला!’ मला ते अगदी ‘आला, आला’ असंच ऐकू आलं.

नॅक्सोसपर्यंतच्या लाटांत अर्थातच दुसऱ्या प्रकारानेही बोट लागली.

तुम्ही जाल तेव्हा परतीच्या विमानाआधी दोन दिवस रिकामे ठेवा, हिंग-मोहरीची पुडी बरोबर घ्या, आणि कुणी ‘ओही’ म्हणालं तर बॅग भरू नका.