मे बाईंना नेसवलेलं सोवळं

आधी दार लोटून घ्या. घरात आजोबा जागे असतील तर मनातल्या मनात वाचा, कारण विषय बरा नाही. बाई बरी नाही. तिचं चालणं बरं नाही, बघणं बरं नाही आणि बोलणं तर... शिव शिव! बाईचं नाव मे वेस्ट. गाव न्यूयॉर्कचं ब्रुकलिन, जन्म १८९३ चा, वडील मुष्टियुद्ध खेळणारे. बाई लहानपणापासून रंगमंचावर. म्हणजे बघा, वळण कुठून लागणार?

१९२६ साली या बाईंनी एक नाटक लिहिलं. नाव काय ठेवलं असेल? काहीतरी सूचक, एखादं फूल, एखादा मोह? छे. 'सेक्स'. सरळ तेवढंच, पाटीवर, दिव्यांच्या झगमगाटात. लेखिकेच्या जागी मात्र 'जेन मास्ट' असं खोटं नाव घातलं. तेवढी लाज शिल्लक होती म्हणावं, तर मुख्य भूमिकेत स्वतःच उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कची सभ्य मंडळी इतकी हादरली, इतकी हादरली की जवळजवळ वर्षभर तिकीट काढून हादरायला जात राहिली. पोलिसांना जाग आली १९२७ च्या फेब्रुवारीत. तोवर दहा महिने प्रयोग चालू होते; बिचाऱ्यांना तिकीट मिळत नसावं. धाड पडली, खटला झाला, दहा दिवसांची कैद आणि पाचशे डॉलर दंड. तुरुंगातले जाडेभरडे आतले कपडे टोचतात म्हणून बाईंनी स्वतःचे रेशमी वापरायची सवलत मिळवली, असं सांगतात. आठव्या दिवशी सुटल्या. दोन दिवसांची सूट कशाबद्दल? तर चांगल्या वर्तणुकीबद्दल! सरकारने बाईंना दिलेला चारित्र्याचा दाखला तो हाच.

आता हे सगळं नाटकातलं. सिनेमा म्हणजे गावोगावचा मामला. तिथे ही ब्याद आली १९३२ मध्ये, पॅरामाउंट कंपनीच्या 'नाइट आफ्टर नाइट' या चित्रपटातून. आणि वय किती? एकोणचाळीस! ज्या वयात नटीला नायिकेच्या थोरल्या बहिणीचं काम देतात, फार तर डोळ्यांत पाणी आणून मुलाला परदेशी पाठवायचं, त्या वयात या बाई अंगभर हिरे घालून आत येतात. कोट-टोप्या सांभाळणारी पोरगी ते हिरे बघून परमेश्वराच्या चांगुलपणाची शपथ घालते, आणि बाई तिला जाता जाता सांगतात की यात चांगुलपणाचा काही एक संबंध नाही. झालं! चित्रपट जॉर्ज राफ्टचा होता, हे त्या रात्री घरी जाताना किती जणांच्या लक्षात राहिलं कोण जाणे.

मग १९३३. बाईंचं 'डायमंड लिल' हे नाटक पडद्यावर आणायचं ठरलं. त्यावर हॉलिवूडच्या निर्मात्यांच्याच संघटनेची बंदी होती. संघटनेचे प्रमुख विल हेज, माजी पोस्टमास्टर जनरल, चर्चमधले वजनदार गृहस्थ. आता काय करायचं? तोडगा साधा निघाला. नायिकेचं नाव लिल होतं ते लू केलं, नाटकाचं नाव बदलून 'शी डन हिम राँग' केलं आणि सगळं शुद्ध झालं. लग्न झालं की मुलीचं नाव बदलून मागचं सगळं पुसायची आपल्याकडची रीत हॉलिवूडपर्यंत कशी पोचली असेल, हे कोडंच आहे. चित्रीकरण अठरा दिवसांत उरकलं, लांबी जेमतेम ६६ मिनिटं, खर्च दोन लाख डॉलरांच्या आसपास, आणि गल्ला वीस लाखांच्या वर. त्या वर्षी मंदीने अमेरिकेतल्या दर चार कामकऱ्यांमधल्या एकाच्या हाताला काम नव्हतं, पॅरामाउंट स्वतः दिवाळखोरीत. ही चावट बाई कंबरेवर हात ठेवून आली आणि कंपनीची चूल पेटली. वर सर्वोत्तम चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन. त्यात ती कॅरी ग्रँटला, म्हणजे चांगल्या घरच्या दिसणाऱ्या, धर्मकार्य करणाऱ्या तरुणाला, कधीतरी वर भेटायला या म्हणून सांगते. साधं अगत्य हो! आपण नाही का म्हणत, या एकदा घरी? पण तिने म्हटलं आणि अर्ध्या अमेरिकेतले पुरुष जिना शोधू लागले.

वेड म्हणजे किती असावं! तोवर बायका पोरांसारख्या सपाट दिसायच्या खटपटीत होत्या. आता एकाएकी ज्यांना जे होतं ते मिरवावंसं वाटू लागलं. मोठ्या हॅट, पिसं, १८९० च्या दशकातले घट्ट झगे. बाई प्रत्यक्षात बुटक्या. झग्याखाली टाचेवर टाच चढवलेले बूट, आणि त्यावर तोल सावरत चालायचं म्हणून ती डुलती चाल. म्हणजे ज्या चालीने धर्मगुरूंची झोप उडाली, ती निम्मी चपलेची करामत! पुढे १९३७ मध्ये पोशाखांची रचना करणाऱ्या स्कियापारेल्लीने अत्तर काढलं, त्याची बाटली बाईंच्या बांध्यावरून बेतली. दुसऱ्या महायुद्धात विमानदळातल्या पोरांनी छातीवर फुगणाऱ्या जीवरक्षक जाकिटालाच 'मे वेस्ट' म्हणायला सुरुवात केली. समुद्रात पडलेला वैमानिक कोणाला धरून तरंगतोय, हे त्याच्या आईला कोणी कळवलं नसेल अशी आशा आहे.

तर अशा वेळी समाजाने काय गप्प बसायचं? नाही बसला. कॅथलिक मंडळींनी 'लीजन ऑफ डिसेन्सी' उभी केली, म्हणजे सभ्यतेची फौजच. १९३४ मध्ये चर्चमध्ये लाखोंनी शपथा घेतल्या की असले सिनेमे बघणार नाही. फिलाडेल्फियाच्या कार्डिनलांनी तर सगळेच सिनेमे वर्ज्य केले. सुंठीवाचून खोकला गेला. निर्माते घाबरले, पापाला नव्हे, रिकाम्या खुर्च्यांना. आचारसंहिता तशी १९३० पासूनच होती, एका जेझुइट पाद्र्याने आणि एका प्रकाशकाने मिळून लिहिलेली. पण ती देवघरातल्या पोथीसारखी, कापडात गुंडाळून ठेवलेली. १९३४ च्या जुलैपासून जोसेफ ब्रीन नावाच्या कडक गृहस्थांच्या हाती शिक्का आला. शिक्का नसलेला चित्रपट दाखवाल तर पंचवीस हजार डॉलर दंड. गंमत अशी की हे सेन्सॉर सरकारचं नव्हतंच. घरच्यांनीच घरच्या सुनेवर नेमलेली सासू.

आता बाईंचं डोकं बघा. त्या आपल्या पटकथेत मुद्दाम चारदोन अशी भयंकर वाक्यं घालून ठेवायच्या की तपासणाऱ्याचे कान लाल व्हावेत. तो ती खुडायचा, समाजाची सेवा केल्याच्या समाधानात घरी जायचा, आणि खरी हवी असलेली वाक्यं त्याच्या बगलेखालून निसटायची. भाजीवालीशी घासाघीस केलेल्या कोणत्याही बाईला हे कळेल. त्यातून उरलेलं काम आवाजाचं. कागदावर वाचा, बालवाडीत म्हणून दाखवावं इतकं निर्मळ. तेच वाक्य बाईंनी नाकातून, रेंगाळत, एक भुवई वर करून म्हटलं की त्याचं गोत्र बदलायचं. कात्री चालवायची कुठे? भुवईवर?

आपल्या दादा कोंडक्यांनी सेन्सॉरची हीच पंचाईत करून ठेवली होती. 'आंधळा मारतो डोळा' यात आक्षेपार्ह शब्द कोणता, ठेवा बघू बोट! पण दादा आणि मे बाई यांत एक फरक आहे, आणि सगळी मेख तिथेच. दादांचा पडद्यावरचा बाप्या भोळा, लोंबत्या नाडीचा, त्याला आपण काय बोललो हेच ठाऊक नसल्यासारखा. पाप तुमच्या कानात, त्याच्या तोंडात नाही. मे बाईंनी भोळेपणाचं ढोंग कधी केलं नाही. आपण काय बोललो हे तिला पुरतं ठाऊक असायचं, वर त्याबद्दल तिला रात्री शांत झोप लागायची. हे कोणाला सहन होणार?

ब्रीनसाहेबांना ही मेख कळली. त्यांच्या आधीचे लोक शब्द वेचत बसले. हे गृहस्थ बाईंच्या कथेत शिरले. 'शी डन हिम राँग'मध्ये बाई पापं करते, हसते, हिरे घालते आणि शेवटी कॅरी ग्रँट पटकावते. ना क्षयरोग, ना नदीत उडी, ना पांढरी साडी! बिघडलेल्या बाईला सिनेमाच्या शेवटी खोकला लागलाच पाहिजे, हा जगभरचा नियम तिने धाब्यावर बसवला होता. शब्द कितीही छाटले तरी ही सुखी बाई तशीच उरत होती. मग उपाय एकच. बाईला लग्न लावून द्यायचं, पश्चात्ताप करायला लावायचा, नाहीतर समाजसेवेला जुंपायचं.

१९३४ च्या 'बेल ऑफ द नाइन्टीज'मध्ये सुरुवात झाली. मागे साक्षात ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद, पुढे बाई, आणि सगळ्याच्या शेवटी रीतसर विवाह. जेवणात झणझणीत रस्सा वाढून वरून वाटीभर साखर ओतावी तसं. पण खरी कमाल १९३६ च्या 'क्लॉन्डाइक ॲनी'ची. त्यात बाई खून करून जहाजाने अलास्काला पळते. त्याच जहाजावर एक धर्मसेविका, ती वाटेत मरते. बाई तिचे काळे कपडे अंगावर चढवते, तिचं नाव घेते आणि पोचल्यावर चक्क तिचं काम चालवायला लागते. खुनाचा प्रसंग कापला. कपड्यांच्या अदलाबदलीत साध्वीच्या मृतदेहाला हिचे भडक कपडे चढवले होते, तेही कापलं. ती सेविका कुठल्या ओळखीच्या पंथाची दिसू नये, हीही ताकीद होती, कारण धर्मसेवकाची टिंगल संहितेत वर्ज्य. आता पडद्यावर उरलं काय? मे वेस्ट भजनी मंडळ चालवते आणि देणग्या गोळा करते! आणि खरं सांगू का, कोणाला सांगू नका, ती ते काम फार चोख करते. जुगारी अड्ड्यावर गिऱ्हाईक कसं ओढायचं हे जिला माहीत, तिला चर्चच्या पेटीत नाणी कशी पाडायची हे काय शिकवावं लागणार? सोवळं नेसवलं साहेबांनी, पण गाठ मारली बाईंनी.

तरी हर्स्ट यांच्या वर्तमानपत्रांनी चित्रपटाची जाहिरात घ्यायचं नाकारलं, बाईंचं नाव छापणं बंद केलं. विल्यम रँडॉल्फ हर्स्ट, ज्यांनी घरी बायको आणि दुसरीकडे नटी असा संसार थाटला होता, ते अमेरिकेच्या नीतीचे राखणदार. एक वर्ष असं होतं की देशात पगाराच्या मिळकतीत पहिले हर्स्ट आणि दुसऱ्या मे वेस्ट. भाऊबंदकी म्हणायची, दुसरं काय!

मग १२ डिसेंबर १९३७. रविवार, देवाचा वार. एनबीसी रेडिओवर एका कॉफी कंपनीचा कार्यक्रम. बाई त्यात हव्वा झाल्या, डॉन अमेची आदम. हव्वेला नंदनवनाचा कंटाळा आलेला, म्हणून ती सापाकडून फळ आणवून घेते. नंतर त्याच कार्यक्रमात चार्ली मॅकार्थीशी, म्हणजे एडगर बर्गनच्या लाकडी बाहुल्याशी, बाई लाडीगोडीने बोलल्या. लाकूड हो! आणि तेही रेडिओवर, म्हणजे दिसत कोणालाच काही नाही. तरी पत्रांचा पाऊस पडला, सरकारी आयोगाने कार्यक्रम असभ्य ठरवला आणि एनबीसीने आपल्या केंद्रांवर बाईंचं नाव घ्यायलाही मनाई केली. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका ऐकल्या होत्या. बाईचं नाव न घेणारा रेडिओ हा पहिलाच.

त्याच सुमारास 'एव्हरी डेज अ हॉलिडे' आला. यात बाई काय करते? तर भोळ्या लोकांना ब्रुकलिनचा पूल विकते. फसवणूक चालेल, पुरुषाकडे बघून मिशीत हसल्यासारखं हसणं चालणार नाही, असा एकंदर निवाडा. चित्रपट अळणी निघाला आणि पडला. पॅरामाउंटने हात झटकले. १९३८ मध्ये चित्रपटगृहांच्या मालकांनी जाहिरात देऊन ज्यांना गल्ल्याचं विष ठरवलं, त्यांत गार्बो होती, कॅथरीन हेपबर्न होती आणि आपल्या बाईही. पुढे १९४० मध्ये डब्ल्यू. सी. फील्ड्सबरोबर एक, १९४३ मध्ये आणखी एक, आणि मग सिनेमातून सत्तावीस वर्षं गायब. बाई मात्र म्हणत राहिल्या की सेन्सॉरवर माझा विश्वास आहे, मी त्याच्याच जिवावर पैसा केला. १९३३ पर्यंत ते खरंही होतं.

आणि बाईंचे ते दोन गाजलेले चित्रपट, 'शी डन हिम राँग' आणि सिंहाच्या जबड्यात डोकं घालणारा 'आयम नो एंजल'? १९३५ मध्ये पॅरामाउंटने ते पुन्हा लावायची परवानगी मागितली. ब्रीनसाहेब नाही म्हणाले. ज्यांनी कंपनी तारली, ते कंपनीच्याच कपाटात कुलपात बसले.

पण मला राहून राहून चुटपुट लागते ती पोपटांची. 'बेल ऑफ द नाइन्टीज'चं आधीचं नाव वेगळं होतं, 'इट एन्ट नो सिन', म्हणजे यात पाप ते कसलं. जाहिरातीसाठी पॅरामाउंटने पन्नासेक पोपटांना हे नाव म्हणायला शिकवलं, अशी कथा आहे. पोपट तयार झाले आणि सभ्यतेच्या फौजेपुढे नाव बदललं गेलं. बाईंनी निमूट नवं नाव घेतलं, नवा शेवट घेतला, नवरा घेतला. पिंजऱ्यातली मंडळी मात्र पेरूची फोड मागताना जुनंच बोलत बसली असणार, एकसुरात, कोणाची भीड न बाळगता: यात पाप ते कसलं, यात पाप ते कसलं.